ट्रान्सफर केस खोलायची, पण आधी वही उघडा



राणीसावरगावच्या गॅरेजमध्ये शूट केलेल्या व्हिडिओत आपण जुन्या महिंद्रा जीपची ट्रान्सफर केस गाडीखालून उतरवली आणि टेबलावर पूर्ण खोलली. व्हिडिओ लांबला, तरी बऱ्याच गोष्टी सांगायच्या राहिल्या. हाताला ग्रीस लागलेलं असताना हिशेब समजावून सांगता येत नाही. म्हणून खोलण्याचा क्रम आणि त्यामागचा पैशाचा हिशेब, दोन्ही इथे लिहून देतोय. मोबाइलमध्ये सेव्ह करा, नाहीतर प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीला लावा.

एक गोष्ट आधीच सांगतो. रिबिल्डच्या कामात पैसा जोडणीत मिळतो, असं बहुतेकांना वाटतं. मला ते पटत नाही. या कामात तुम्ही कमावणार की पदरचे घालणार, हे खोलतानाच ठरतं. कोणता पार्ट किती झिजलाय, कोणता मागवायचा, गिऱ्हाइकाला काय आकडा सांगायचा, सगळं त्या पहिल्या एका दिवसात समजतं. तो दिवस नुसत्या हाणामारीत घालवला, की पुढचे पाच दिवस फोन करण्यात आणि पार्ट बदलून आणण्यात जातात.

आधी गिऱ्हाईक मोजा

राणीसावरगाव गंगाखेड तालुक्यात येतं. बालाघाटचा डोंगराळ भाग, खाली काळी जमीन. पावसाळ्यात पाणंद रस्त्यावर काळ्या मातीचा असा लगदा होतो की टू व्हील ड्राइव्ह गाडीची मागची चाकं जागच्या जागी फिरत राहतात. अशा भागात फोर बाय फोर गाडीला किंमत आहे. कोणाकडे लष्कराच्या लिलावातून आलेली जुनी जीप असते, कोणा कंत्राटदाराकडे फोर बाय फोर पिकअप असते, हल्ली हौसेने थार घेणारेही दिसतात.

पण भावनेच्या भरात बोर्ड रंगवू नका. रस्त्यावर दिसणारी प्रत्येक जीप आणि बोलेरो फोर बाय फोर नसते. बहुतेक टू व्हील ड्राइव्हच असतात, त्यांना ट्रान्सफर केस नसतेच. म्हणून एक आठवडा वही घेऊन फिरा. गंगाखेड, पालम, अहमदपूर, लोहा या बाजूंना टायरवाले, पंक्चरवाले, ऑइलवाले यांच्याकडे बसा आणि विचारा, पुढच्या एक्सलला प्रोपेलर शाफ्ट असलेल्या गाड्या महिन्यात किती येतात? गाडीखाली वाकून पाहिलं तरी कळतं. आकडा १५-२० गाड्यांवर अडकला, तर फक्त ट्रान्सफर केसवर दुकान चालणार नाही.

मग शिकायचं कशाला? कारण हाच हात पुढे दुसऱ्या कामात चालतो. फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आता गावोगावी आहेत. त्यांच्या पुढच्या एक्सलला ताकद देणारी गियरची जोडी, तिचं बेअरिंग, तिचं सील, सगळं याच जातीचं. आणि रोटाव्हेटरचा गियरबॉक्स! पेरणीच्या तोंडावर तो बंद पडला की शेतकरी दोन दिवससुद्धा थांबू शकत नाही. शिमने बेअरिंग सेट करणं, शाफ्ट न दुखावता काढणं, झीज मापणं, हे ट्रान्सफर केसवर ज्याला जमलं त्याला रोटाव्हेटर सोपा वाटतो. माझा सल्ला असा की बोर्डवर ‘सर्व प्रकारचे गियरबॉक्स’ लिहा आणि ट्रान्सफर केस ही त्यातली तुमची खासियत ठेवा.

आत नेमकं काय चालतं

महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली. त्या जीपसोबत जी ट्रान्सफर केस आली तिला स्पायसर १८ म्हणतात. पुढे सीजे आणि एमएम ५४० या मालिकांच्या जीपमध्ये याच धाटणीची केस चालत राहिली. व्हिडिओत उघडलेली केस याच घराण्यातली आहे. ओतीव लोखंडाची पेटी, आत सरळ गियर, साखळी नाही, इलेक्ट्रॉनिक काही नाही. शिकायला यापेक्षा चांगली केस नाही.

काम समजून घ्या. गियरबॉक्सच्या मेन शाफ्टच्या मागच्या टोकावर एक गियर बसवलेला असतो. तो मधल्या गियरला फिरवतो, आणि मधला गियर खालच्या बाजूच्या आउटपुट शाफ्टवरच्या गियरला फिरवतो. तिथून मागच्या आणि पुढच्या एक्सलला ताकद जाते. लो रेंजमध्ये टाकलं की मधल्या गियरचे छोटे दाते कामाला लागतात. वेग कमी होतो आणि जोर जवळपास अडीच पट होतो.

यात धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट कुठली? गाडी टू व्हीलमध्ये सरळ डांबरी रस्त्याने पळत असली, तरीही सगळा जोर मधल्या गियरवरूनच जातो. सरळ आरपार रस्ता या केसमध्ये नाही. म्हणून मधला गियर, त्याचा शाफ्ट, त्याचे सुई बेअरिंग आणि दोन्ही बाजूंचे थ्रस्ट वॉशर हे या केसचं खरं पोट आहे. बाकी सगळं चकचकीत करून दिलं आणि हा शाफ्ट जुनाच ठेवला, तर गाडी काही दिवसांत घरघर करत परत येते. आणि परत आलेल्या गाडीची मजुरी कोणी देत नाही.

पाना हातात घेण्याआधी गाडी चालवून बघा

गिऱ्हाईक येतं ते निदान घेऊनच. “ट्रान्सफर गेलीय, खोलून टाका.” खोलू नका. अर्धा तास गाडी चालवा.

प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस गेला असेल तरी सुरुवातीला खटकन आवाज येतो आणि वेगात थरथर येते. क्रॉसचं काम काही तासांचं, ट्रान्सफरचं काम काही दिवसांचं. गाडी उभी करून, चाकांना ठोकळे लावून, शाफ्ट हाताने मागे-पुढे पिळून बघा. झोल क्रॉसमध्ये आहे की केसच्या फ्लँजमध्ये, हे हाताला लगेच कळतं.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे फोर व्हीलमधून बाहेर निघत नाही, लिव्हर अडकतो. या केसमध्ये पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरेन्शियल नसतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून वळणं घेतली, किंवा पुढचे-मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे असले, की दोन्ही शाफ्ट एकमेकांना पिळत राहतात आणि गियरवर ताण धरून ठेवतात. गाडी थोडी रिव्हर्स घेतली की ताण सुटतो आणि लिव्हर मऊ होतो. केस अगदी चांगली असते, दोष टायरचा असतो. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत टायर लावून फिरणारी जीप आपल्या भागात शोधावी लागत नाही.

अशा वेळी गिऱ्हाइकाला खरं सांगून ३०० रुपये तपासणीचे घ्या आणि पाठवून द्या. काही जण म्हणतील, सर, हातचं काम घालवलं. तो माणूस पुढच्या वेळी ट्रॅक्टर घेऊन तुमच्याकडेच येतो, हे मी एकदा नाही, अनेक गावांत बघितलंय.

खरा दोष केसमध्ये असेल तर तो बोलतो. चढावर जोर दिला की लो रेंज सुटतो, ॲक्सिलरेटर दाबताना एक आवाज आणि सोडताना दुसरा आवाज, फ्लँज हातात धरून हलवला की खुळखुळतो, खाली ऑइलचा डाग. हे सगळं वहीत लिहा. गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर, तक्रार गिऱ्हाइकाच्या शब्दांत आणि त्याखाली तुमचं निरीक्षण. गिऱ्हाइकाची सही घ्या. सही मागायला लाज वाटत असेल तर ती आजच सोडा.

गाडीखालून उतरवणं

इथे जिवाचा प्रश्न आहे, म्हणून जरा थांबून वाचा. काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम मागच्या चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागच्या फ्लँजवर असतो. म्हणजे हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टला धरतो, आणि शाफ्ट चाकांना धरतो. तुम्ही मागचा शाफ्ट सोडला त्या क्षणी हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी मोकळी होते! गियरमध्ये ठेवलेली असली तरी मोकळी. तुम्ही खाली झोपलेले. म्हणून चारही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, जमीन सपाट, आणि गाडी उचलली असेल तर जॅकवर नाही, स्टँडवर. हे केल्याशिवाय पोराला गाडीखाली पाठवायचं नाही.

आता क्रम. गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून आणा म्हणजे ऑइल पातळ होईल. गियरबॉक्स आणि ट्रान्सफर, दोन्हीचं ऑइल वेगवेगळ्या स्वच्छ पातेल्यांत काढा. वेगवेगळ्या, कारण किती निघालं हे मापायचंय. या जोडणीत एका पेटीतलं ऑइल दुसऱ्या पेटीत सरकण्याचा जुना आजार आहे. एकीत कमी आणि दुसरीत जास्त निघालं तर मधलं सील किंवा बेअरिंगची बाजू तपासायची, हे तिथेच लिहून ठेवा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. ओढा ओलांडणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचं. तळाशी चुंबक फिरवा. बारीक काळी पेस्ट निघाली तर ती रोजची झीज. चमकणारे कण किंवा दात्याचा तुकडा निघाला तर काम मोठं आहे, आणि गिऱ्हाइकाला लगेच फोन करून बोलावून ते दाखवायचं.

दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडायच्या आधी फ्लँजवर आणि शाफ्टवर पांढऱ्या रंगाची आडवी खूण करा. स्पीडोमीटर केबल, ब्रेकची जोडणी, लिव्हर सोडा. मग केसच्या मागचं झाकण काढा. आत गियरबॉक्सच्या मेन शाफ्टच्या टोकाला नट दिसेल, त्याला स्प्लिट पिन असते. पिन काढा, नट सोडा, वॉशर काढा आणि गियर बाहेर ओढून घ्या. गियर सहज आला तर नशीब. नाही आला तर छिन्नी-हातोडा नको. मेन शाफ्टचं टोक मागून रोखून धरायचं आणि केस मागे खेचत गियर मोकळा करायचा. मेन शाफ्ट जागेवरून मागे सरकला तर गियरबॉक्समध्ये आणखी भानगड होते, आणि ती भानगड तुमच्या कोटेशनमध्ये नसते.

केस आणि गियरबॉक्स यांच्यामधलं बेअरिंग दोन्ही पेट्यांत अर्धं-अर्धं बसलेलं असतं. केस वेगळी करताना ते गियरबॉक्सकडेच राहायला पाहिजे. केस जड आहे, छातीवर घेऊन उतरवण्याचा पराक्रम करू नका. गियरबॉक्स जॅक नसेल तर ट्रॉली जॅकवर लाकडी फळी बांधा आणि दोन माणसं लावा.

टेबलावर

आधी धुवा, मग खोला. उलट करू नका. बाहेरची माती बेअरिंगमध्ये गेली की नवं-जुनं सगळं सारखंच होतं. डिझेल आणि ब्रश, मग कोरडी हवा.

धुतल्यावर आणि खोलायच्या आधी एक माप घ्या. डायल गेज आउटपुट फ्लँजला लावा आणि शाफ्ट मागे-पुढे ओढून किती सरकतो ते बघा. जुन्या विलिज पुस्तकांत हा एंड प्ले ०.१० ते ०.२० मिमी दिलाय. तुमच्या गाडीचं मॅन्युअल असेल तर त्यातला आकडा धरा. आधीचं माप वहीत असलं की नंतर किती शिम घालायचे-काढायचे याचा अंदाज बसतो. डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड हे या धंद्यातलं पहिलं खरं भांडवल आहे असं मी मानतो, हायड्रॉलिक प्रेसच्याही आधीचं. प्रेसचं काम गावातल्या लेथवाल्याकडे होतं, मापाचं काम उधारीवर होत नाही.

खालचं झाकण काढा. मागच्या बाजूला मधल्या शाफ्टला धरणारी छोटी लॉक प्लेट असते, तिचा बोल्ट सोडा. आता पितळी ड्रिफ्ट घेऊन शाफ्ट पुढून मागच्या दिशेने ठोकत काढायचा. लोखंडी ड्रिफ्ट वापरली तर शाफ्टचं टोक फुलतं, मग तो भोकातून निघताना पेटीलाच ओरखडे काढतो. पेटीचं भोक सैल झालं तर पुढे तिथून ऑइल गळत राहतं आणि तुम्ही सील बदलत बसता.

शाफ्ट निघाला की गियरच्या पोटातल्या सुया सुट्या असतील तर पेटीत सांडतात. इथे एक युक्ती वापरा. लेथवाल्याकडून डमी शाफ्ट बनवून घ्या. जाडी मूळ शाफ्टइतकी किंवा केसभर कमी, लांबी मधल्या गियर आणि वॉशरइतकी. मूळ शाफ्ट मागे जात असताना डमी त्याच्या पाठोपाठ आत सारायचा. सुया जागेवर राहतात आणि गियर थ्रस्ट वॉशरसकट खालून हातात येतो. हाच डमी जोडणीच्या वेळी दुप्पट कामाला येतो. एकदाच खर्च, आयुष्यभराचं हत्यार.

सुया मोजा. मोजून आकडा लिहा. एक कमी असेल तर ती पेटीत आहे, ऑइलच्या पातेल्यात आहे, किंवा आधीच्या मेकॅनिकने घातलीच नव्हती. तिन्ही शक्यता खऱ्या असतात.

आता पुढचं आउटपुट कव्हर. याच्या दोन्ही बाजूंना शिफ्टच्या दांड्यांना रोखणारे गोळे आणि स्प्रिंग असतात, त्यांचे प्लग सोडताना वरून कापड धरा. स्प्रिंग गोळा उडवते आणि तो बरोबर बाकड्याखाली जातो. नंतर फोर व्हीलची दांडी लागलेल्या स्थितीत आणून कव्हरचे बोल्ट काढा. कव्हर शाफ्ट, फोर्क, गियरसकट एकत्र बाहेर येतं. दोन दांड्यांच्या मध्ये एक लहानसा इंटरलॉकचा तुकडा असतो, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. दिसायला किरकोळ, पण पुढचं एक्सल लागलेलं नसताना लो रेंज पडू न देणं हे त्याचं काम. तो हरवला आणि तसंच जोडून दिलं तर लो रेंजचा सगळा जोर एकट्या मागच्या एक्सलवर पडू शकतो. एक्सल शाफ्ट तुटला की गिऱ्हाईक कोणाच्या नावाने बोलणार?

मागचं कव्हर काढताना पेटी आणि कव्हर यांच्यामध्ये पातळ पत्र्याचे शिम निघतात. ते तारेत ओवून, चिठ्ठी लावून ठेवा. एकूण जाडी व्हर्नियरने मापून वहीत लिहा. आउटपुट शाफ्ट, त्यावरचे गियर, टेपर बेअरिंग आणि त्यांच्या बाहेरच्या कड्या निघतील. प्रत्येक कडी आपल्याच बेअरिंगसोबत ठेवायची, अदलाबदल नाही. सर्क्लिप प्लायरने सर्क्लिप, पुलरने बेअरिंग, आणि ओढ नेहमी आतल्या कडीवर.

ठेवायला काय वापरायचं? मी महागडे ट्रे सांगत नाही. गोड्या तेलाचे रिकामे डबे आडवे कापा, प्रत्येकावर मार्करने लिहा: मधला शाफ्ट, पुढचं कव्हर, मागचं कव्हर, दांड्या, बोल्ट. प्रत्येक टप्प्याला मोबाइलने फोटो. मेमरीवर भरवसा ठेवणारा कारागीर हुशार असतो, पण पार्ट यायला नऊ दिवस लागले की हुशारीही विसरते. शिवाय पोरगा सुट्टीवर गेला तर दुसऱ्याला तो फोटोच काम शिकवतो.

आता आकडा सांगायचा

मधल्या शाफ्टवर नखाने ओढा. नख अडकलं, खाच पडली, वरचं कठीण आवरण खवले सुटल्यासारखं गेलं, तर शाफ्ट बाद, आणि त्यासोबत सुया आणि थ्रस्ट वॉशरही बाद. नव्या शाफ्टवर जुन्या सुया घालणं म्हणजे पैसे पाण्यात. गियरच्या दात्यांवर बारीक खड्डे दिसले तर गिऱ्हाइकाला उन्हात नेऊन दाखवा. सरकत्या गियरच्या दात्यांची तोंडं गोल झाली असतील तर लो किंवा फोर व्हील सुटण्याचं कारण सापडलं. स्प्रिंग बदलून ते थांबत नाही. ऑइल सील आणि गॅस्केट तर न बघताच बदलायचे.

पार्ट मागवताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका. स्पायसर १८ घराण्यात मधला शाफ्ट वेगवेगळ्या काळात तीन जाडीचा आला: पाऊण इंच, एक आणि एक अष्टमांश इंच, आणि सव्वा इंच. त्यात जुन्या जीपच्या पेट्या अनेकदा आधीच बदललेल्या असतात. व्हर्नियरने माप घ्या, दाते मोजा, बेअरिंगवरचा नंबर वाचा आणि फोटोसकट दुकानदाराला पाठवा. नांदेड-लातूरला नाही मिळालं तर मुंबईला कुर्ल्याचा जुन्या पार्टचा बाजार आहे, आणि जुन्या जीपसाठी हरियाणातली मंडी डबवाली प्रसिद्ध आहे. पण जुना गियर ऑनलाइन फोटो बघून घेऊ नका. दात्याचा खड्डा फोटोत दिसत नाही.

आता हिशेब. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या बाजारात वेगळे असतील. समजा तुम्ही न खोलताच ‘९,००० मध्ये करून देतो’ म्हणालात. खोलल्यावर पार्ट निघाले ६,८०० चे, लेथ ७००, ऑइल आणि किरकोळ ९००. झाले ८,४००. हातात राहिले ६०० आणि गेले तीन दिवस. म्हणजे दिवसाला २००. यापेक्षा जास्त मजुरी सोयाबीन काढणीत मिळते. आणि हे ६०० सुद्धा गिऱ्हाईक देताना घासाघीस करून ४०० वर आणतं.

दुसरी पद्धत बघा. पहिल्या दिवशी एवढंच बोला: “भाऊ, उतरवणं, खोलणं आणि तपासणी याचे २,०००. उद्या संध्याकाळी या, सगळे पार्ट टेबलावर दाखवतो, मग पुढचं ठरवू. नाही पटलं तर आहे तशी केस खोक्यात भरून देईन.” दुसऱ्या दिवशी कागदावर तीन ओळी: पार्ट आणि बाहेरचा खर्च ८,४००, जोडणी आणि बसवण्याची मजुरी ५,०००, कधी देणार ती तारीख. पार्टच्या रकमेइतका ॲडव्हान्स घेतल्याशिवाय ऑर्डर टाकायची नाही. गिऱ्हाईक नाही म्हणालं तरी तुमचा एक दिवस फुकट गेला नाही. हो म्हणालं तर तुमचे स्वतःचे पैसे त्याच्या गाडीत अडकले नाहीत. गावात ‘खोलायचे पैसे’ ऐकून लोक आधी नाक मुरडतात, हे मान्य. पण डॉक्टर तपासणीचे घेतो तेव्हा कोणी भांडत नाही, आणि इथे तर तुम्ही पोट उघडून दाखवताय.

बदललेले जुने पार्ट गोणीत भरून गिऱ्हाइकाला परत द्या. त्याने नाही नेले तर त्याच्याकडून ‘नको’ असं लिहून घ्या. भंगाराचे चार पैसे गेले तरी चालतील.

साखळीवाली केस आली तर

२०१० मध्ये आलेल्या थारसारख्या नंतरच्या गाड्यांत बोर्गवॉर्नर जातीची केस असते. ॲल्युमिनियमची दोन अर्धकं, आत साखळी, प्लॅनेटरी गियर आणि छोटा ऑइल पंप. खोलायचं तत्त्व तेच, पण दोन सवयी सोडाव्या लागतात. अर्धकं सुटत नाहीत म्हणून जोडाच्या चेहऱ्यावर पेचकस घालू नका, कंपनीने दिलेल्या कानाशीच उचका. आणि ऑइल ९० नंबरचंच असेल असं धरू नका, साखळीवाल्या बऱ्याच केसना ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं पातळ ऑइल लागतं. मॅन्युअल बघा. बटणाने चालणारी असेल तर मोटर काढायच्या आधी केस कोणत्या रेंजमध्ये आहे ते लिहा. धंद्याच्या पहिल्या वर्षी अशी केस आली तर नाही म्हणण्यात कमीपणा नाही. एखाद्या शहरातल्या गॅरेजशी बोलणी करून ठेवा, काम तिकडे द्या, उतरवणं-बसवणं तुम्ही करा आणि त्याचीच मजुरी घ्या.

पार्ट येईपर्यंत

मोकळी पेटी आणि साफ केलेले गियर यांना पातळ ऑइलचा हात लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून फळीवर ठेवा. गॅरेजच्या धुळीत दोन दिवस उघडे राहिले तर पुन्हा धुवावे लागतात. गाडीच्या गियरबॉक्सचं उघडं तोंड स्वच्छ कापडाने बांधा. उंदीर शिरलेला गियरबॉक्स मी बघितलाय, हसू नका.

निघालेलं जुनं ऑइल नालीत किंवा विहिरीच्या बाजूला ओतायचं नाही. ते घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात साठवा आणि अधिकृत रिसायकलवाल्याला द्या.

कागदपत्रांचं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सेवा आणि सामान मिळून वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही. पीएमईजीपी योजनेत सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी अशा विशेष गटाला ३५ टक्के अनुदान आहे. पण प्रकल्प अहवाल लिहायच्या आधी वर सांगितलेली एका आठवड्याची वही भरलेली पाहिजे. बँकेचा साहेब पहिला प्रश्न तोच विचारतो: महिन्याला किती गाड्या?

पुढच्या व्हिडिओत हीच केस जोडणार आहोत: शिम सेट करणं, डमी शाफ्टवर सुया बसवणं आणि गाडीवर चढवून टेस्ट घेणं. तोपर्यंत लेथवाल्याकडे जाऊन डमी शाफ्ट बनवून ठेवा. जाडी स्वतःच्या केसवर मापूनच सांगा, माझ्या व्हिडिओवरून नको.